आकारामतात्यांचं ओव्हरहॉलिंग

रविवारी सकाळी मी दुकानाचं शटर वर केलं, उदबत्ती ओवाळली, कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि किंचाळले. पडद्यावर एक पैलवान उभा होता. नुसत्या लंगोटावर. अंगभर तांबडी माती, शड्डू ठोकायला हात उचललेला, आणि त्याच्या पोटावर ओळीनं फोल्डरं: ‘मिरवणूक’, ‘मिरवणूक नवीन’, ‘मिरवणूक खरी’, ‘डीजे’.

गंगावेशीजवळ माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, लग्नाचे बायोडेटा, असला सगळा मामला. माझ्या पडद्यावर कायम अंबाबाईचा फोटो असतो. देवीच्या जागी हा उघडाबंब गडी! मी माझी फोल्डरं शोधली. एक नव्हतं. निम्म्या गल्लीची आधार कार्डं, जागेचे उतारे, दोन घरांचे घटस्फोटाचे मसुदे माझ्या कॉम्प्युटरमध्ये होते. ते सगळं गेलं कुठं? आणि हा गडी आला कुठून?

हे काम कुणाचं, ते मात्र मला लगेच कळलं. आदल्या दिवशी संध्याकाळी आकारामतात्या स्वतः मशीन परत घेऊन आले होते, स्वतः वायरी जोडल्या होत्या आणि “आता बघ कसं पळतंय, क्रांती” म्हणून मिशीवर हात फिरवत गेले होते.

आकारामतात्या माझ्या दुकानासमोरच राहतात. उद्यमनगरात लेथवर उभं राहून त्यांनी उमर काढली. उद्यमनगराची एक रीत आहे. बाहेरगावचं कुठलंही मशीन आलं की आधी ते उघडायचं. सगळे भाग सुटे करायचे, परातीत मांडायचे, मापं घ्यायची आणि तसंच दुसरं करून दाखवायचं. तात्या त्याच हाताचे. जी वस्तू उघडता येत नाही ती आपली नाही, असं त्यांचं ठाम मत. अशी ठाम मतं त्यांच्याकडे ढिगानं आहेत, आणि ती सांगायला लागणारा आवाजही देवानं सढळ हातानं दिलाय.

सकाळी दूधकट्ट्यावर म्हैस पिळून होईपर्यंत बाकीचे लोक कुस्ती बोलतात, फुटबॉल बोलतात. तात्या ऑपरेटिंग सिस्टिम बोलतात. हातात फेसाळ दुधाचा ग्लास, आणि समोर जो सापडेल तो श्रोता.

“विंडोज म्हंजी भाड्याची खोली,” ते सांगतात. “खिळा मारायचा झाला तरी मालकाला इचारायचं. लिनक्स म्हंजी आपलं घर. भिंत पाड, न्हायतर मधल्या खोलीत म्हस बांध. कोण इचारणार?”

एकदा पुण्याचा एक माणूस हौसेनं धारोष्ण दूध प्यायला आला होता. तात्यांनी त्याच्या हातातला महागडा फोन बघितला आणि म्हणाले, “पावणं, भारी हाय फोन. आता ह्याची बॅटरी काढून दावा बघू.” त्यानं सांगितलं, ती निघत नाही. “मग कशाला बाळगतायसा? कुणाचा हाय त्यो?” तात्या असे कडाडले की तो माणूस अर्धा ग्लास तसाच ठेवून गेला. मला आजही त्याचा चेहरा आठवतो.

क्लाउडबद्दल विचारलंत तर संपलंच. “आपली वरसाची चटणी शेजारणीच्या बरणीत ठेवत्यात व्हय? उद्या तिनं दार उघडलं न्हाय तर जेवाय काय खाशील?” रील बघणारी पोरं दिसली की म्हणणार, “हे असं दुसऱ्याच्या खिडकीत डोकावायचं, आणि खिडकीवालाच वर हात जोडतोय, लाइक करा म्हणून!” आणि गेम? गेमचं नाव काढलं की तात्यांच्या कपाळाची शीर उडते. “गेम म्हंजी रिकामं फिरणारं चाक. पट्टा न्हाय, काम न्हाय, नुसतं गरगर!”

त्यांच्या घरात त्यांच्याशिवाय बायडाकाकू आहेत. मुलगी लग्न होऊन कोडोलीला. काकू एवढ्या कमी बोलतात की गल्लीत नवीन आलेल्यांना बरेच महिने वाटतं, त्यांना बोलता येत नाही. त्यांच्याबद्दल तात्यांचं मत एका वाक्याचं: “हिला फकस्त भजनाचा मोबाइल लागतोय.”

तर झालं असं, की गल्लीतल्या आमच्या तीन कॉम्प्युटरांना नवीन विंडोज चालणार नाही, असा निरोप पडद्यावर यायला लागला. जुन्या विंडोजची देखभालही गेल्या दिवाळीच्या सुमारास संपली होती. एक कॉम्प्युटर माझा, एक तालमीचा आणि एक शेजारच्या सलमाभाभींच्या फरहीनचा. तिन्ही एका कचेरीच्या लिलावातून आणलेले, एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, काळे, बुटके. आता हे भंगारात घालायचे की काय, अशी बोलणी सुरू झाली. तात्यांच्या कानावर गेलं आणि त्यांना चेवच चढला.

“चालू मशीन भंगारात? लाज वाटत न्हाय? आणा हिकडं. तिन्हीचं ओव्हरहॉलिंग करतो!”

ठरलं असं. तालमीच्या मशीनवरचं सगळं पुसून त्यावर लिनक्स घालायचं, कारण मिरवणुकीचे व्हिडिओ आपल्या फोनवर आहेत असं पोरांनी सांगितलं होतं. माझ्या आणि फरहीनच्या मशीनची फक्त धूळ काढायची, पंखे साफ करायचे. आतल्या फायलींना हात लावायचा नाही. फरहीननं हे तात्यांना तीनतीनदा बजावलं होतं.

तिला तसं बजावावंच लागणार होतं. फरहीन बी.सी.एस.च्या शेवटच्या वर्षाला. वडील नाहीत, सलमाभाभी शिवणकाम करतात. पोरगीनं वर्षभर खपून एक मोबाइल गेम तयार केला होता. नाव ‘म्हस निघाली’. आपण म्हैस घेऊन निघायचं आणि रिक्षा, हळदीकुंकवाचा मांडव, डीजे, फुटबॉल जिंकलेली पोरं ह्या सगळ्यांतून तिला न बुजवता दूधकट्ट्यावर पोहोचवायचं. पुण्याच्या एका संस्थेनं गेम बनवायची स्पर्धा ठेवली होती. निवड झाली तर तिथंच शिकाऊ म्हणून काम. पाठवायची शेवटची वेळ त्याच रविवारी संध्याकाळी पाच. भाभींनी निक्षून सांगितलं होतं, ही एक संधी. नाही जमलं, तर खेळ बंद आणि कळंब्याला मामाच्या भांड्यांच्या दुकानात काउंटरवर बसायचं.

गंमत म्हणजे गेमचा एवढा राग असणारे तात्या फरहीनला मात्र मान द्यायचे. “बनवणं हे काम हाय,” ते म्हणायचे. “तू बनव. फकस्त कुणाला खेळाय देऊ नको!” आणि ती पोरगी त्यांना गुरू मानायची. तात्यांनी क्लाउड नको म्हटलं, तिनं क्लाउडवर काही ठेवलं नाही. गेमची दुसरी प्रत होती, ती त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये.

मी पैलवानाला तसाच उभा ठेवून भाभींच्या घराकडे पळाले. उंबऱ्यातच भाभी भेटल्या. चेहरा भुतासारखा.

“क्रांती, तुमची देवी आमच्या घरात आली की! पोरीनं कंप्युटर लावला आणि अंबाबाई! मी तर हातच जोडले.”

आत फरहीन पडद्यासमोर उभी होती. माझी देवी तिच्या पडद्यावर शांत बसली होती, आणि खाली माझे भाडेकरार. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी फरहीनकडे बघितलं आणि ते हायसं वाटणं तिथंच विरलं.

“ताई, तुमची देवी इथं,” ती हळू म्हणाली. “तुमच्याकडं काय हाय?”

“तालमीचा पैलवान.”

“मग माझी म्हस कुठं हाय?”

तालीम पाच घरं सोडून. आम्ही तिघी चपला न घालता पळालो. आत तात्या खुर्चीवर बसलेले, भोवती पोरांचं कोंडाळं, आणि पडद्यावर कोरं निळं आभाळ. तात्या रंगात आले होते.

“बघा! चकाचक! जुनं समदं पुसलं. एकदा न्हाय, दोनदा पुसलं. आता बापजन्मात व्हायरस यायचा न्हाय!”

फरहीन खाली पायरीवर बसली.

“तात्या,” मी म्हटलं, “ह्या डब्यात कुणाची हार्ड डिस्क घातलीय तुम्ही?”

“कुणाची म्हंजी? तिन्ही सारख्याच की.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात अजून अभिमान होता. तिन्ही मशिनं एकदम उघडली. सगळे भाग हवा मारून साफ केले. परातीत मांडले, पंख्याजवळ पंखे, डिस्कजवळ डिस्का. एकाच मापाचा माल, मग कुठलाही भाग कुठंही बसतो. बुश काय, बेअरिंग काय, लेथवर ते हेच करत आले होते. बोलता बोलता त्यांची नजर फरहीनवर गेली. तिथून माझ्यावर. मग पडद्यावरच्या त्या निळ्या आभाळावर. मी एवढ्या वर्षांत तात्यांना वाक्य अर्धवट सोडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं.

“ही... फरहीनची?”

मी होकाराची मान हलवली.

“मी बघितलं न्हाय,” तात्या म्हणाले. “आत काय हाय ते मी बघितलंच न्हाय. सारखी दिसली म्हणून... आरं द्येवा.”

त्यांनी डबा उघडला आणि डिस्क बाहेर काढली. स्क्रू दोनदा खाली पडला. ती डिस्क छातीशी धरून ते अनवाणी घराकडे निघाले, आणि आम्ही मागून. वाटेत माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते, की दूधकट्ट्यावर त्यांनी ज्या ज्या मतांचे ढोल बडवले होते, ती सगळी मी एकेक करून त्यांच्याच गळ्यात घातली. नेहमीचे तात्या असते तर माझे कान फाटले असते. ते नुसते चालत राहिले. मला त्याचाच जास्त धक्का बसला.

घरी त्यांनी आपल्या कॉम्प्युटरला डिस्क लावली आणि पुसलेलं परत काढायचा कसला तरी प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर एक पट्टी होती. ती मुंगीच्या पावलानं सरकत होती, आणि खाली येत होते ते फायलींचे चुरे. नाव नाही, गाव नाही, उघडायला जावं तर उघडत नाही. दुपार झाली. तीन वाजले. चार वाजायला आले. तात्या जेवले नाहीत, फरहीनही नाही.

“मोबाइलवर एखादी प्रत नाही का गं?” मी विचारलं.

“माझा मोबाइल मागच्या महिन्यात फुटला की ताई. अम्मीचा बटनाचा हाय.”

“मग तू हा खेळ करून बघत होतीस कशावर?”

फरहीननं मान वर केली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. दारात बायडाकाकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. फरहीननं त्यांच्याकडे बघत अगदी थोडी, कुणाला दिसेल न दिसेल अशी, नकाराची मान हलवली. मला दिसली. कळलं मात्र काहीच नाही. वर्षाची मेहनत पाण्यात चाललीय आणि ही पोरगी काकूंना कसल्या खुणा करतेय?

सलमाभाभी उठल्या. “चल बेटा. झालं ते झालं. नशीब. उद्या मामाला फोन करतो.”

फरहीन उठली. ओढणी नीट केली. तात्यांच्या पाया पडायला वाकली, तसे तात्या खुर्चीतून उठून भिंतीला टेकले आणि लहान मुलासारखे दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले. मोठ्या आवाजाचा माणूस रडतोही मोठ्यानं. माझा सगळा राग उतरला.

“थांब सलमा,” कुणीतरी म्हणालं.

आवाज ओळखायला मला वेळ लागला. बायडाकाकूंनी ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले, आणि कंबरेच्या बटव्यातून मोबाइल काढला.

“माझ्याकडं हाय.”

“काय हाय?” भाभी म्हणाल्या.

“म्हस.”

“काकू, नको,” फरहीन म्हणाली. “तुम्हाला शब्द दिलाय मी. कुणाला सांगणार न्हाय म्हणून.”

“शब्द मी घेतला, मीच सोडवला. घे.”

मग सगळं बाहेर आलं. फरहीनचा मोबाइल फुटल्यापासून ती प्रत्येक नवी प्रत काकूंच्या मोबाइलवर घालून बघत होती. फुटायच्या आधीही काकू खेळतच होत्या. शेवटची, पूर्ण झालेली प्रत शुक्रवारीच घातली होती. स्पर्धेला खेळता येणारी प्रतच पाठवायची होती. बनवण्याचे मूळ कागद, म्हणजे त्या सगळ्या फायली, गेल्याच. पण म्हैस जिवंत होती.

तात्यांची अवस्था सांगता येत नाही. त्यांचं रडणं मध्येच थांबलं होतं आणि तोंड उघडंच राहिलं होतं.

“ही खेळती?” ते आम्हाला विचारत होते, जसं काही काकू तिथं नव्हत्याच. “आमची ही?”

“नुसत्या खेळत न्हाईत तात्या,” फरहीन म्हणाली. तिचे हात मोबाइलवर भराभर चालत होते. “माझी म्हस पहिल्यांदा गाडीसारखी वळायची. काकूंनी सांगितलं, म्हस आधी मान वळवती, मग अंग. पाणी दिसलं की तिकडंच जाती. डीजेला बुजती, पण फटाक्याला न्हाय. अर्धा खेळ त्यांनीच सुधारून घेतलाय.”

“मग मला का सांगितलं न्हाईस?” तात्यांनी आता काकूंना विचारलं. आवाज पार बसला होता.

“सांगून? मिक्सर उघडलासा, रेडिओ उघडलासा. ह्यो बी उघडून परातीत मांडला असतासा.”

“आगं पण खेळतीस कवा तू? मी दिवसभर घरातच असतो की!”

काकूंनी जरा विचार केला. रागानं नाही, चिडवायलाही नाही, विचारलंय तर खरं सांगावं म्हणून त्या म्हणाल्या, “तुमी बोलत असता तवा.”

तात्या बोलत असतात म्हणजे सकाळी, जेवताना, दुपारी आणि दिवे लागल्यावर. गेले कित्येक महिने त्यांच्यासमोर बसून, मांडीवर पदराआड काकू म्हैस हाकत होत्या, आणि समोर तात्या लिनक्स सांगत होते. भाभींनी तोंडाला पदर लावला. मला हसू येत होतं आणि तात्यांकडे बघवतही नव्हतं.

माझ्या दुकानाच्या नेटवरून फरहीननं प्रत पाठवली, तेव्हा पाचला थोडाच अवकाश होता. ‘मिळाली’ असा निरोप आला. निवड होईल की नाही ते पुढच्या महिन्यात कळेल. मूळ फायली तिला पहिल्यापासून लिहायला लागणार आहेत, आणि भाभींनी तोवर कळंब्याला फोन करायचा नाही, असं ठरवलंय. पैलवान तालमीत गेला, देवी माझ्याकडे आली.

काकूंचा मोबाइल परत द्यायला मी तात्यांच्या घरी गेले. तात्या तिथंच, भिंतीला टेकून खाली बसलेले. समोर ती परात, रिकामी. काकूंनी मोबाइल घेतला, त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसून खेळ लावला. हंबरण्याचा आवाज आला. तात्यांनी चष्मा लावला. बघता बघता त्यांचा हात आपसूक पुढे गेला.

“दाव बघू, आत कसं हाय ते.”

“हात लावू नका,” काकू म्हणाल्या. पडद्यावरची नजर त्यांनी काढली नाही. “उमर गेली, मी तुमची मशिनं लांबनंच बघितली की. आता तुमी माझी म्हस बघा.”

तात्यांनी हात मागे घेतला. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि मान लांब करून ते बघत राहिले. मी दार ओढून घेऊन पायऱ्या उतरेपर्यंत त्या खोलीतून तात्यांचा आवाज आला नाही.